आ वासून झोपता? आधी नाक तपासा

‘मुलगा सात वर्षांचा आहे, रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतो. मोठा झाला की सुटेल ना?’ ‘यांचं घोरणं फार वाढलंय. ऑनलाइन मिळते ती तोंडाची चिकटपट्टी लावून बघू का?’ ‘रोज प्राणायाम करते, तरी सकाळी घशाला कोरड. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ की नाकाच्या?’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि शाळेच्या फाटकापाशी हे तीन प्रश्न सतत फिरत असतात. उत्तरं बहुतेक वेळा एखाद्या रीलमधून येतात आणि तिन्ही प्रश्नांची तीन वेगळी येतात.

खरं तर सुरुवात तिन्हींची एकच आहे. श्वास तोंडाकडे वळतो तो बहुधा नाकातून पुरेशी वाट मिळत नाही म्हणून. ती वाट मोकळी न करता नुसतं तोंड बंद करायला गेलात, तर उपाय वाया जातो आणि क्वचित अंगाशीही येतो. वाट मोकळी झाल्यावरही तोंड उघडंच राहत असेल, तर ती सवय आहे. सवय मोडायच्या थेरपीची पाळी तेव्हा येते. हा क्रम उलटा करू नका.

खरोखर तोंडानेच श्वास चालतो का?

ओठ उघडे दिसले म्हणजे श्वास तोंडाने चाललाय असं नाही. वरचे दात पुढे असलेल्या किंवा वरचा ओठ आखूड असलेल्या मुलांचे ओठ मिटत नाहीत, पण त्यांचा श्वास नाकाने चालू असतो. त्यामुळे घरीच थोडी खातरजमा करून घ्या. दंतवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवल्या जाणाऱ्या या चाचण्या घरातल्या साध्या वस्तूंनी होतात:

- आरसा: लहान आरसा नाकपुड्यांखाली आडवा धरा. काच दोन्ही बाजूंना सारखी धुरकट व्हायला हवी. एकाच बाजूला वाफ धरत असेल तर दुसरी बाजू चोंदलेली आहे.
- कापूस: कापसाचा विरळ पुंजका नाकपुडीसमोर धरा आणि हलतो का पाहा.
- पाण्याचा घोट: तोंडात घोटभर पाणी धरून, ओठ मिटून दोन-तीन मिनिटं शांत बसायला सांगा. नाक मोकळं असलेल्याला हे सहज जमतं. अर्ध्या मिनिटात पाणी गिळून मूल ‘आ’ करत असेल तर नाक तपासायलाच हवं. सर्दी असताना ही चाचणी करू नका.

सगळ्यात उपयोगी पुरावा मात्र मोबाइलमध्ये मिळतो. झोप लागून तासदोन तास झाल्यावर पांघरूण बाजूला करून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. चेहरा, मान आणि छाती एकाच चौकटीत दिसली पाहिजे आणि आवाज चालू हवा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा हा व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, घोरणं मध्येच थांबून मग दचकल्यासारखा श्वास येतो का, मान मागे टाकून झोपायची लकब आहे का, हे त्यात लगेच कळतं.

दिवसा दिसणाऱ्या खुणाही लिहून ठेवा. मोठ्यांमध्ये सकाळची डोकेदुखी, कोरडी जीभ, उशीवर लाळेचा डाग, दुपारी मीटिंगमध्ये किंवा गाडी चालवताना येणारी पेंग. मुलांमध्ये चित्र वेगळं असतं. अपुरी झोप झालेलं मूल पेंगण्याऐवजी बरेचदा जास्तच चळवळं, चिडकं होतं. डोळ्यांखाली काळं, वारंवार कान दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, समोरच्या वरच्या हिरड्या लाल आणि सुजलेल्या, ब्रश करूनही दात किडणं. ‘वर्गात लक्ष नसतं’ असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो तेव्हा तो झोपेशी जोडून बघायचं कोणाला सुचत नाही.

नाक का बंद आहे?

वयानुसार कारणं बदलतात. तान्ही बाळं जवळपास पूर्णपणे नाकानेच श्वास घेतात. त्यांचं नाक चोंदलं तर दूध ओढणंही अवघड होतं. दोन-तीन वर्षांनंतर नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली ॲडिनॉइड नावाची गाठ वाढते. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात ती सगळ्यात मोठी असते आणि किशोरवयात आक्रसते. मोठ्यांत नाकाचा पडदा वाकडा असणं, ॲलर्जीने आतली त्वचा सुजणं, मस्से येणं ही नेहमीची कारणं.

एक ताकीद: पुण्यात या सगळ्याला मिळून ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणायची पद्धत आहे. या चार गोष्टींचे उपचार चार वेगळे आहेत. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पडदा वाकडा आहे, आतली गादी सुजली आहे, मस्सा आहे की ॲडिनॉइड? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, पिवळा-हिरवा स्राव येत असेल तर नाकात काहीतरी अडकलं आहे असं धरून चाला. शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, काहीही निघतं. ते घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. वस्तू घड्याळातला किंवा खेळण्यातला बटण सेल असण्याची शंका आली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. असा सेल काही तासांत आतली त्वचा आणि पडदा जाळतो.

ॲलर्जीच्या बाबतीत पुण्याचा वाटा मोठा आहे. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यातच झाली. आज मोकळे प्लॉट, नदीकाठ, रेल्वेमार्गाच्या कडा सगळीकडे ते माजलेलं असतं आणि त्याचे पराग ॲलर्जीचं ओळखीचं कारण आहेत. त्यात बांधकामांची धूळ, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी आणि गादी-उशीतले धूळकिडे. रात्री नाक चोंदतं आणि दिवसा ठीक असतं, अशी तक्रार असेल तर संशय गादीवर आणि झोपायच्या खोलीवर घ्या:

- उशीचे अभ्रे, चादरी आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. थंड पाण्यात धूळकिडे मरत नाहीत.
- गोधडी, दुलई कडक उन्हात टाका आणि झटकायची ती घराबाहेर झटका.
- मऊ खेळणी अंथरुणातून हलवा.
- डासांची कॉइल बंद करा. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी हा धोका वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मच्छरदाणी लावा. उदबत्तीही झोपायच्या खोलीत नको.

कोणाकडे आधी जायचं?

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. लहान मूल असेल तर आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवून त्यांची चिठ्ठी घेतलीत तरी चालेल. दुर्बिणीतून नाकाची तपासणी, गरज वाटली तर बाजूने काढलेला एक्स-रे, यातून बहुतेक वेळा कारण सापडतं. मोठ्या माणसाचं घोरणं मधेच थांबत असेल तर छातीविकारतज्ज्ञ किंवा झोपविकारांचे तज्ज्ञ. दात पुढे येत असतील, टाळू अरुंद आणि उंच वाटत असेल तर नाकाची तपासणी झाल्यावर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबडे सरळ करणारे तज्ज्ञ. जीभ आणि ओठांचे व्यायाम शिकवायला वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ किंवा त्याचं प्रशिक्षण घेतलेले दंतवैद्य.

पुण्यात हे सगळं सरकारी आणि महाविद्यालयीन पातळीवरही उपलब्ध आहे. ससून सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं असल्यामुळे १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथले उपचार निःशुल्क आहेत. (ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्याला ही सवलत सरसकट लागू नाही. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो.) दातांसाठी धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील या दंत महाविद्यालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, खर्च खासगीपेक्षा कमी येतो. भारती विद्यापीठात श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांचा स्वतंत्र विभागही आहे.

मुलांसाठी: थांबायचं की शस्त्रक्रिया?

‘मोठा झाला की सुटेल’ हे अर्धंच खरं. ॲडिनॉइड वयानुसार आक्रसते. पण तोवरच्या पाच-सात वर्षांत जबड्याची आणि टाळूची वाढ होत असते. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते, टाळूला तिचा आधार मिळत नाही. टाळू अरुंद राहतो, चेहरा लांबट होतो, वरचे दात पुढे येतात. गाठ लहान झाली म्हणून हे बदल मागे फिरत नाहीत.

दुसऱ्या टोकाला, प्रत्येक ॲडिनॉइड कापायची गरज नसते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट केले होते. एका गटाचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड लवकर काढले, दुसऱ्यावर लक्ष ठेवून वाट पाहिली. सात महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा केली तेव्हा शस्त्रक्रियेच्या गटात ७९ टक्के आणि वाट पाहिलेल्या गटात ४६ टक्के मुलांची तपासणी सामान्य आली. वागणूक, झोप आणि एकूण जगणं शस्त्रक्रियेच्या गटात जास्त सुधारलं. एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र मोठा फरक दिसला नाही. ‘ऑपरेशन केलं की अभ्यासात पहिला येईल’ असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

म्हणून त्रास सौम्य असेल तर वाट पाहणं हा रास्त पर्याय आहे. त्या काळात नाकातला स्टेरॉइड स्प्रे आणि ॲलर्जीचे उपचार सुरू राहावेत, आणि फेरतपासणीची तारीख ठरलेली असावी. तारीख नसलेलं ‘बघू पुढे’ स्वीकारू नका. मात्र पुढीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका:

- झोपेत श्वास थांबताना दिसणं, ओठ निळसर होणं
- श्वासागणिक छाती आत खेचली जाणं
- वजन-उंची न वाढणं
- कानात पाणी साठून ऐकू कमी येणं

शस्त्रक्रिया झाल्यावरही काही मुलांचं तोंड उघडंच राहतं. पालक निराश होतात, ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. नाक मोकळं झालेलं असतं, पण ओठ आणि जीभ जुन्याच जागी राहायला शिकलेले असतात. थेरपीचा खरा उपयोग इथे आहे.

मोठ्यांसाठी: घोरणं मधेच थांबतं का?

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी कारणांत झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, सांगितला. घोरणं हा घरात थट्टेचा विषय असतो, त्यामुळे हे नाव अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

भूल देण्याआधी रुग्णांना विचारली जाणारी एक आठ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. स्वतःला विचारून पाहा:

1. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता?
2. दिवसा थकवा, पेंग येते?
3. झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे?
4. रक्तदाब आहे किंवा त्याची गोळी चालू आहे?
5. बीएमआय ३५ च्या वर आहे?
6. वय ५० च्या पुढे आहे?
7. मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे? (शर्टाची कॉलर मोजा.)
8. पुरुष आहात?

तीन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली तर झोपेची तपासणी करून घ्या. बायकांनी आठव्या प्रश्नावर निर्धास्त होऊ नये. पाळी थांबल्यानंतर त्यांच्यातही हा विकार वाढतो, फक्त तक्रार घोरण्याऐवजी थकवा आणि निद्रानाशाची असते.

तपासणी रुग्णालयात रात्रभर राहून होते किंवा छोटं यंत्र घरी नेऊनही होते. अहवालात एक आकडा शोधा: तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला. मोठ्यांत पाचपर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मुलांना हे निकष लागू नाहीत. त्यांच्यात तासाला एकदा अडला तरी तज्ज्ञ दखल घेतात.

मध्यम आणि तीव्र विकारावर सीपॅप यंत्र हा सर्वांत भरवशाचा उपचार आहे. मास्कच्या नळीतून हलका दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. तोंड उघडं पडत असेल तर हवा तोंडातून निसटते आणि सकाळी घसा जास्तच कोरडा होतो. अशा वेळी यंत्र कपाटात जातं. ते करण्याआधी नाकाचे उपचार, यंत्रातला आर्द्रता देणारा भाग आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हे तीन पर्याय विचारा. यंत्र विकत घेण्यापूर्वी काही आठवडे भाड्याने वापरून पाहा. मास्कचं माप चुकलं की सगळंच फसतं.

सवय मोडायची थेरपी

या व्यायामांना मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं: ओठ मिटलेले, जीभ टाळूला, श्वास नाकाने. ब्राझीलमध्ये २००९ साली मध्यम स्लीप ॲप्नियाच्या ३१ रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांनी तीन महिने रोज अर्धा तास जीभ-घशाचे व्यायाम केले, त्यांचा तासाचा आकडा सुमारे २२ वरून १४ वर आला. २०१५ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मोठ्यांत हा आकडा साधारण निम्म्यावर आणि मुलांत सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं दिसलं. पण हे अभ्यास लहान आहेत, आणि १४ म्हणजे विकार गेला असं नव्हे. सीपॅप बंद करून व्यायाम सुरू करायचे नाहीत.

घरी करता येण्यासारखे व्यायाम:

- जिभेची जागा: ‘न’ म्हणताना जिभेचं टोक टेकतं त्याच्या किंचित मागे, टाळूच्या खरबरीत भागावर टोक ठेवा. बाकीची जीभही वर चिकटवा. दात हलके जवळ, ओठ मिटलेले. दिवसातून अनेकदा, टीव्ही बघताना, बसमध्ये.
- टाळी: सगळी जीभ टाळूला चिकटवून ‘टॉक’ आवाज करत सोडा. मुलं घोड्याच्या टापा म्हणून आवडीने करतात. वीस वेळा.
- ओठात कागद: पोस्टकार्डाएवढा जाड कागद फक्त ओठांत धरून पाच-दहा मिनिटं, गृहपाठ करताना. दातांनी धरायचा नाही.
- बटण आणि दोरा: मोठ्या बटणाला पक्का दोरा ओवा. बटण दातांपुढे, ओठांच्या आत ठेवून दोरा हळूहळू ओढायचा आणि ओठांनी सोडायचं नाही. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांनाच आणि मोठं माणूस समोर असतानाच. गिळण्याचा धोका असतो.

रोज दोन वेळा दहा मिनिटं, किमान तीन महिने. दिवसा जमू लागल्यावर काही आठवड्यांनी रात्री फरक दिसतो, त्याआधी नाही. मुलं पहिल्या पंधरा दिवसांनंतर कंटाळतात. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लावा आणि आजी-आजोबांनाही सोबत बसवा. त्यांच्या घोरण्यालाही उपयोग होतो.

टाळू अरुंद असेल तर व्यायाम एकटे पुरत नाहीत. ऑर्थोडॉन्टिस्ट टाळू रुंद करणारं उपकरण सुचवतील. ते वयात येण्यापूर्वी सर्वांत चांगलं काम करतं, पुढे हाडाचा सांधा घट्ट होतो. दात आणि ओठांमध्ये बसणारी ‘ओरल स्क्रीन’ नावाची पट्टीही वापरतात. दोन्हींसाठी नाक मोकळं असणं ही अट आहेच.

२०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी शंखावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम स्लीप ॲप्निया असलेल्या ३० जणांपैकी काहींनी आठवड्यातून पाच दिवस, १५ मिनिटं शंख फुंकला. सहा महिन्यांनी त्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली, तासाला चार-पाच वेळा श्वास कमी अडू लागला. पुण्यातल्या शंखनाद पथकांना हे आवडेल. ३० माणसांवरून निर्णय घेऊ नये, पण शंख येत असेल तर फुंकायला हरकत नाही. कानाचा पडदा, हर्निया किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा.

व्यायाम शिकवणाऱ्याची पात्रता तपासा. ‘मायोफंक्शनल थेरपिस्ट’ हे प्रमाणपत्र थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमातूनही मिळतं. मूळ पदवी कोणती, हे विचारा. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, दंतवैद्याची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. तपासणी न करता वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडून उठून या.

तोंडाला पट्टी लावू का?

लहान मुलांना नाही. नाक चोंदलेलं असताना नाही. दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर नाही. उलटीची शक्यता असताना नाही, आणि स्लीप ॲप्नियाची तपासणी झालेली नसताना तर नाहीच. २०२५ मध्ये या विषयावरचे दहा अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यांत मिळून माणसं होती फक्त २१३. फायद्याचा पुरावा तोकडा निघाला आणि नाक बंद असणाऱ्याला गुदमरण्याचा धोका असल्याचा इशारा त्यातल्या काही संशोधकांनीच दिला होता. एवढ्या सगळ्या ‘नाहीं’मधून जो उरतो, त्याला पट्टीची गरज फारशी नसते.

जलनेती, नाकातलं तेल, बाम आणि थेंब

मिठाच्या पाण्याने नाक धुणं ॲलर्जीत खरोखर उपयोगी आहे. जलनेती नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं, तेव्हापासून यौगिक क्रिया शास्त्राच्या कसोटीवर पाहण्याची परंपरा पुण्याच्या शेजारी आहे. चूक होते ती पाण्यात. उकळून गार केलेलंच पाणी घ्या. नळाचं, टँकरचं, नुसतं गाळलेलं नको. नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या संसर्गाने २०२५ मध्ये केरळात माणसं दगावली. अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण चमचा मीठ. भांडं रोज धुऊन कोरडं करा.

तान्ह्या बाळाच्या नाकात मालिशवाल्या बाईंना तेल सोडू देऊ नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाचं नाक चोंदलं तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. कापूरही बाळापासून लांब ठेवा, पोटात गेला तर झटके येतात. बामने नाक मोकळं ‘वाटतं’. मेन्थॉलमुळे गारवा जाणवतो, सूज तशीच असते.

नाक पटकन उघडणारे थेंब (ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन) तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका. नंतर थेंब बंद केले की नाक आणखी चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. स्टेरॉइड स्प्रेचं वेगळं आहे. तो आठवडे-महिने, डॉक्टर सांगतील तसा घ्यायचा असतो. बहुतेकांना तो मारताच येत नाही. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरा, म्हणजे टोक पडद्याकडे न जाता बाहेर, त्याच बाजूच्या कानाकडे वळेल. हलका श्वास घ्या, जोरात हुंगू नका. घशात कडू लागलं तर समजा औषध नाकात थांबलंच नाही.

ॲलर्जीसाठी माँटेलुकास्टची गोळी चालू असताना मूल एकदम चिडकं झालं, भयंकर स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या गोळीवर मानसिक दुष्परिणामांचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

खर्च आणि तुमचे हक्क

- विमा: वाकडा पडदा, टॉन्सिल-ॲडिनॉइड, सायनस यांच्या शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. घरी वापरायचं सीपॅप यंत्र अनेक विमा कंपन्या देत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस या योजनांत मात्र झोपेच्या तपासणीच्या अहवालावर ते मंजूर होऊ शकतं. विकत घेण्याआधी मंजुरी घ्या.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि ती फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.
- धर्मादाय रुग्णालयं: दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. दाखल होतानाच उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका द्या आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा.
- शाळेतून तपासणी: अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. आल्यावर ‘तोंड उघडं ठेवून झोपतो’ हे आवर्जून सांगा.
- दर आणि कागद: राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलंच पाहिजे. तुमच्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. औषधं किंवा यंत्र ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही.
- तक्रार: शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. लेखी तक्रार तिथे द्या, पोच घ्या. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

पहिल्या भेटीला जाताना तो दोन मिनिटांचा व्हिडिओ, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुलाच्या वजन-उंचीच्या नोंदी बरोबर ठेवा. शस्त्रक्रिया ठरलीच आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ती मे महिन्याच्या सुट्टीत करून घ्या. तपासणी मात्र सुट्टीपर्यंत लांबवू नका, ती याच महिन्यात उरका.